संघपालच्या नावचं फॅक्टर

दीपमाला तायडे अमरावतीच्या एका दवाखान्यात हिमोफिलियाच्या खोलीवर सिस्टर होती. खोली लहानच. दोन पलंग, एक टेबल, औषधांचा एक फ्रिज. रक्त गोठवणारा एक घटक ज्यांच्या अंगात जन्मापासून नसतो, अशी माणसं तिथे यायची. जड काही उचललं, दाढ हलली, नुसता पाय मुरगळला तरी त्यांच्या आतल्या आत रक्त झिरपत राही आणि सांधे फुगून येत. त्यावर शिरेतून एक औषध द्यावं लागे. त्याला सगळे फॅक्टरच म्हणत. बोटभर काचेच्या व्हायलमध्ये पांढरी पावडर असे. तिच्यात पाणी सोडायचं, व्हायल तळहातांमध्ये हळूहळू फिरवायची आणि सुई लावायची. दीपमालेचा हात इतका हलका होता, की लांबलांबचे पेशंट फोन करून विचारत, आज तायडे सिस्टर आहेत का?

हे औषध माणसाच्याच रक्तातल्या पिवळसर पाण्यापासून, म्हणजे प्लाझ्मापासून बनतं. एकेका घाण्यात हजारो माणसांचा प्लाझ्मा एकत्र केलेला असतो. त्या वर्षी येणाऱ्या खोक्यांवर बारीक अक्षरांत छापलेलं असे, की प्लाझ्मा अमेरिकेतल्या दात्यांचा आहे. दीपमालेचा धाकटा भाऊ संघपाल ते खोकं हातात घेऊन म्हणायचा, ‘‘ताई, मायात आता आर्धी अमेरिका हाये. मले पासपोर्ट तरी देऊन द्यायले पायजे त्याहीनं.’’

कारण संघपाललाही हाच आजार होता. वय अठ्ठावीस, बडनेऱ्याच्या स्टेशन रोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान, बोलायला गोड. लहानपणी डाव्या घोट्यात पुन्हा पुन्हा रक्त साचून तो सांधा झिजला होता. दिवसभर उभं राहिलं की घोटा सुजे आणि तो पाय ओढत चाले.

त्याच्या आधी घरात आणखी एक मुलगा होता, आनंद. संघपालच्या जन्माआधीच गेला. वडील मोतीराम रेल्वेत गँगमन होते, क्वार्टरमध्ये राहत. आनंद नऊ वर्षांचा असताना त्याचा दुधाचा दात पडला आणि रक्त थांबेना. चार दिवस थांबलं नाही. तेव्हा हे औषध अमरावतीत कुणी पाहिलं नव्हतं आणि आजाराचं नावही घरात कुणाला माहीत नव्हतं. दीपमाला तेव्हा सात-आठ वर्षांची होती. आई, मैना, त्याच्या तोंडाखाली स्टीलची वाटी धरायची आणि ती भरली की दीपमाला मोरीत ओतून यायची. पुढे ती नर्सिंगला गेली ती त्यामुळेच. लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं, ती परत बडनेऱ्याला आईवडिलांकडे आली आणि मग भावाचं दुखणं हाच तिचा संसार झाला.

जानेवारीत संघपालचं लग्न जुळलं. मुलगी धामणगाव रेल्वेची, प्रतीक्षा. तिला आणि तिच्या घरच्यांना संघपालनं पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. प्रतीक्षाला त्याचं काही वाटलं नाही. पण तिचे मामा, काका, गावातली मंडळी यांना एवढंच सांगितलं होतं, की पोराच्या पायाला लहानपणी लागलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, एका रविवारी धामणगावला ठरलं. मैनाबाई पंधरा दिवस आधीपासून एकच म्हणत होत्या, ‘‘त्या दिवशी पोरगं लंगडून नाही राह्यलं पायजे व माय. शंभर डोये पाह्यतीन त्याच्याकडं.’’

नेमका त्याच महिन्यात फॅक्टरचा पुरवठा अडकला. कोणी म्हणे बाहेर देशातूनच माल कमी निघाला, कोणी म्हणे बंदरात पडून आहे, कोणी म्हणे टेंडरचे कागद हलले नाहीत. फ्रिजमध्ये अकरा व्हायल उरल्या होत्या. मंगळवारी दीपमालेनं त्यांतल्या सहा काढल्या. रजिस्टरात लिहिलं : संघपाल मोतीराम तायडे, डावा घोटा, रक्तस्राव, घरी देण्यासाठी. व्हायलींवरचे स्टिकर सोलून नावापुढे चिकटवले. संघपालचा घोटा त्या दिवशी अगदी ठीक होता. दोन व्हायल रविवारी सकाळी द्यायच्या, म्हणजे दिवसभर उभा राहिला तरी सूज येणार नाही, आणि बाकीच्या चार कधी काही झालंच तर, असा तिचा हिशेब. घरी वीज जाते म्हणून तिनं त्या कागदी पिशवीत घालून त्याच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या पाकिटांमागे ठेवल्या. उरलेल्या पाच गुरुवारपर्यंत तिघांना लागल्या आणि संपल्या. दारावर तिनं स्वतःच्या हातानं कागद लावला : फॅक्टर शिल्लक नाही.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला एक काळीपिवळी जीप दवाखान्याच्या आवारात थेट आत आली. चालवणारा बंडूभाऊ. दर्यापूर-अमरावती रस्त्यावर त्याची ही जीप सवाऱ्या घेऊन धावायची. आज सवाऱ्या नव्हत्या. मागच्या बाकावर त्याचा मुलगा शिवम आडवा पडला होता आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याची आई कौशल्या बसली होती.

शिवमला दीपमाला सहा वर्षांपासून ओळखत होती. बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला, दर्यापुरात मोटर वाइंडिंगच्या दुकानात कामाला. आदल्या दिवशी गिऱ्हाईक थांबलं होतं म्हणून त्यानं एकट्यानं पाण्याची मोटर उचलली. रात्री जांघेत दुखायला लागलं. सकाळी उजवा पाय सरळ होईना.

त्याला पलंगावर घेतलं. तो गुडघा पोटाशी धरून पडला होता. दीपमालेनं बोटांनी जांघेच्या वर दाबून पाहिलं, तसा तो ओरडला. तिथे आत, मांडी उचलणाऱ्या मोठ्या स्नायूत रक्त साचत होतं. तिला ते लगेच कळलं. त्या जागेवरून पायाची नस जाते आणि रक्त वाढत गेलं तर ती दबते, हेही तिला माहीत होतं.

‘‘बाई, लवकर द्या जी,’’ कौशल्या म्हणाली. ‘‘रातभर कन्हून राह्यला पोरगा.’’

‘‘स्टॉक संपला ना, कौशल्याबाई,’’ दीपमाला म्हणाली. ‘‘दारावर कागद लावला हाये.’’

हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघालं. सकाळपासून दोन-तीन जणांना तिनं फोनवर हेच सांगितलं होतं, त्याच सवयीनं. ते निघाल्यावर मात्र तिला जाणवलं, की आता लगेच बोललं तरच बोलता येईल. ‘थांबा, थोडं आहे,’ एवढंच म्हणायचं होतं. शिवमचं वजन पंचावन्न किलोच्या आसपास. पाच व्हायलींमध्ये त्याचा पहिला डोस पुरा होत होता. सहा होत्या. फ्रिज तिच्या पाठीमागे चार पावलांवर होता.

तेवढ्यात डॉक्टर रागिणी आत आल्या. या खोलीचं काम त्याच बघत. त्यांनी शिवमला तपासलं आणि विचारलं, ‘‘सिस्टर, एकही व्हायल नाही?’’

‘‘नाही मॅडम.’’

‘‘कुणाच्या घरी दिलेली असेल? परत मागवता येईल अशी?’’

‘‘पाहते मॅडम,’’ दीपमाला म्हणाली आणि रजिस्टर उघडून उभी राहिली. संघपालचं नाव पानावर वरच होतं. सहा स्टिकर ओळीनं चिकटवलेले. तिनं पान उलटलं.

रागिणी मॅडमनी रक्तपेढीला फोन लावला. दान केलेल्या रक्ताच्या प्लाझ्मातून काढतात ते क्रायो, म्हणजे फॅक्टर नसताना द्यायचं जुनं औषध, त्याच्या इथे दोनच पिशव्या होत्या. त्या चढवल्या. एवढ्यानं काही होणार नव्हतं. अकोल्याला जास्त पिशव्या होत्या आणि तिथे संध्याकाळपर्यंत फॅक्टरही येईल असं कोणीतरी म्हणालं. अँब्युलन्स बाहेर गेलेली. बंडूभाऊ म्हणाला, ‘‘मी नेतो ना. गाडी हाये आपली.’’

पुढच्या तासाभरात दीपमालेनं जेवढं करता येईल तेवढं धावून केलं. शिवमच्या गुडघ्याखाली दोन उशा बांधल्या. जीपच्या बाकावर गादी टाकली. अकोल्याच्या सिस्टरला स्वतःच्या फोनवरून फोन केला, चिठ्ठीत सगळं नीट लिहिलं, आपली शाल शिवमच्या अंगावर घातली, पाण्याची बाटली दिली. कौशल्या जीपमध्ये चढता चढता थांबली, तिनं दीपमालेचे दोन्ही हात धरले.

‘‘तुमच्यासारखे मानसं हायेत म्हनून तं आमी येतो इतक्या दूर,’’ ती म्हणाली.

जीप गेली. दीपमाला खोलीत आली आणि तिनं दार लावून घेतलं. तिला वाटलं, अजून बडनेरासुद्धा ओलांडलं नसेल त्यांनी. फोन करून परत बोलवावं. पण बोलावून काय सांगणार? बारा वाजता नाहीत म्हटलेल्या व्हायल तीन वाजता कुठून आल्या? रागिणी मॅडमना काय सांगणार? ती खुर्चीवर बसून राहिली. मूर्तिजापूर आलं असेल, बोरगाव मंजू आलं असेल, असं मनात रस्ता मोजत राहिली, आणि जसजशी जीप लांब गेली तसतसं फोन करणं अशक्य होत गेलं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा संघपाल ओट्यावर फोन घेऊन बसला होता. हिमोफिलियाच्या पेशंटांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, चार जिल्ह्यांचा. त्यावर अकोल्याहून कोणीतरी लिहिलं होतं : शिवम, दर्यापूर, वय बावीस, फॅक्टरची तातडीनं गरज. कुणाकडे घरी असेल तर कृपया कळवा. अकोल्यात क्रायोच्या दहा पिशव्या मिळाल्या होत्या, लागणार होत्या पंचवीस. फॅक्टर आलं नव्हतं.

‘‘ताई, आपल्याजवळ सहा हायेत ना?’’ संघपाल म्हणाला. ‘‘रविवारसाठी ठेवले म्हनली होतीस. देऊन देऊ त्याले. मी आत्ता गाडीनं निंगतो, दहा वाजेलोक पोचतो.’’

दीपमाला चप्पल काढत होती. ती वर न बघता म्हणाली, ‘‘नाही हायेत. परत करा लागले. कालच संपले.’’

‘‘सहाच्या सहा?’’

‘‘हो ना. काहून, मी खोटं बोलून राहिली का?’’

आवाज जरा चढला होता. आई आतून बघायला आली.  संघपालनं ग्रुपवर लिहिलं, ‘माझ्याकडे नाही भाऊ, सॉरी.’ दीपमालेनं ते त्याच्या खांद्यावरून वाचलं. भावाच्या नावानं ते खोटं चार जिल्ह्यांतल्या दोनशे माणसांपर्यंत गेलं.

तिला पुढे अनेकदा वाटलं, की दुपारी जे झालं त्याला भीती म्हणता येईल. आनंद होता, वाटी होती. पण संध्याकाळचं काय? संध्याकाळी तिला भावाच्या जिवाची भीती नव्हती. संध्याकाळी तिनं फक्त स्वतःला वाचवलं.

शनिवारी संध्याकाळी नागपूरच्या एका पेशंटनं घरचं फॅक्टर बसनं पाठवलं आणि ते अकोल्याला शिवमपर्यंत पोचलं. ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं आली. दीपमालेनंही एक पाठवलं.

रविवारी सकाळी घरात गडबड होती. मोतीराम नवा सदरा घालून दारात बसले होते, मैनाबाई पेढ्यांचे डबे मोजत होत्या. आतल्या खोलीत दीपमालेनं आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून गुपचूप आणलेल्या कागदी पिशवीतून दोन व्हायल काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. संघपाल खाटेवर बसला होता. तो व्हायलींकडे बघत राहिला.

‘‘हे कुठून आले?’’

‘‘काल स्टॉक आला थोडा.’’

‘‘काल?’’ तो म्हणाला. ‘‘शनिवारी दुपारी मी दवाखान्यात फोन केला होता, शिवमसाठी. अजून काई आलं नाही म्हने.’’

ती पाणी सोडलेली व्हायल तळहातांमध्ये फिरवत होती. थांबली नाही. बाहेरून मैनाबाईंनी हाक मारली, ‘‘झालं का व? गाडी उभी हाये.’’

संघपालनं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला कळलं हे तिला कळलं. ती वाट बघत होती, की तो ओरडेल, व्हायल फेकून देईल, नको म्हणेल. तसं झालं असतं तर कदाचित तिथंच सगळं फुटलं असतं.  पण त्यानं नव्या शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे केला. सुई टोचताना दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

धामणगावला सगळं छान झालं. त्रिसरण पंचशील झालं, अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. संघपाल चार तास उभा होता, सगळ्यांना हात जोडत, फोटो काढत. प्रतीक्षाचे मामा म्हणाले, ‘‘पोरगा सरळ हाये एकदम.’’ मैनाबाईंना ते ऐकून भरून आलं.

रात्री परतल्यावर कपडे बदलताना तो दारातूनच म्हणाला, ‘‘तू नाही म्हनली ते एक. पन मी हात पुढं केला, ते मी कोनाले सांगू?’’ आणि निघून गेला.

आठवड्यानं संघपाल एकटाच अकोल्याला जाऊन शिवमला भेटून आला. आल्यावर त्यानं जेवताना सांगितलं, आईवडिलांना सांगितल्यासारखं. ‘‘रक्त थांबलं त्याचं. पन मांडीतली नस दबली. गुडघ्यात जोर नाही राह्यला, उभं केलं की पाय मुडपते. डॉक्टर म्हने, येईन तं येईन, वर्ष लागन. नाही तं नाही.’’

‘‘अरे बाप्पा,’’ मोतीराम म्हणाले. ‘‘लवकर नाही भेटलं का औषध?’’

‘‘तीस तासानं भेटलं,’’ संघपाल म्हणाला.

उरलेल्या चार व्हायल दीपमालेनं दुसऱ्या दिवशी नेऊन दवाखान्याच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवल्या. रजिस्टरात ‘परत’ असं लिहिलं. कोणी काही विचारलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला शिवम आणि कौशल्या खोलीत आले. शिवमच्या बगलेत कुबडी होती, गुडघ्याला पट्टा. त्याला व्यायामाच्या आधी फॅक्टर घ्यायचं होतं. आता स्टॉक आलेला होता. दीपमालेनं त्याची शीर शोधली, सुई लावली. तो म्हणाला, ‘‘सिस्टर, अकोल्यात तीनदा टोचलं तवा भेटली. तुमाले एकदाच लागते.’’

कौशल्यानं पिशवीतून दीड-दोन किलोचं गाठोडं काढलं आणि टेबलावर ठेवलं. ‘‘घरच्या तुरीची डाळ हाये बाई. नवी. नाही म्हनू नोका.’’

‘‘कशाले आणलं हे?’’

‘‘तुमी त्या दिवशी किती धावपळ केली. ती शाल अजून मायाजवळच हाये, धुवून आनतो पुढच्या खेपी.’’ मग ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, ‘‘अकोलं तं आमाले दर्यापूरहून जवळच होतं. पयलेच तिकडं गेलो असतो तं तीन-चार घंटे वाचले असते. पन पोरगा म्हने, तायडे सिस्टरकडंच चाल.’’

तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. स्वतःवरच थोडी चिडली होती ती.

डाळ घरी आली. मैनाबाईंनी दुसऱ्या दिवशी वरण केलं. संघपालनं पहिला घास घेतला, डाळ चांगली आहे म्हणाला आणि कुठून आणली ते विचारलं. दीपमालेनं सांगितलं. त्यानं ताट बाजूला सारलं नाही. सगळं वरण संपवलं, ताट स्वतः मोरीत नेलं, आणि तिथं नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. त्या रात्री दीपमालेनं ठरवलं.

रविवारी ती एसटीनं दर्यापूरला गेली. तिथून पुढे चार किलोमीटरवर गाव. कौशल्याचं घर विचारत गेली, तर शाळेच्या मागे, ओट्यावर पत्र्याचं छप्पर पुढे काढलेलं. ओट्यावर शिवम सतरंजीवर बसून छताच्या पंख्याची वाइंडिंग करत होता. कुबडी भिंतीला लावलेली. दुकानात उभं राहवत नाही म्हणून मालक काम घरी पाठवतो, असं त्यानं सांगितलं. बंडूभाऊ गाडी घेऊन गेला होता.

कौशल्यानं हाताला लागलेलं पीठ धुतलं, खुर्ची पुसून दिली, शेजारणीला ओरडून सांगितलं, ‘‘अमरावतीच्या सिस्टरबाई आल्या व!’’ दीपमालेला खुर्चीवर बसवेना. ती सतरंजीच्या कडेला बसली.

‘‘चहा ठेवतो,’’ कौशल्या म्हणाली.

‘‘नोको. पयले ऐका,’’ दीपमाला म्हणाली. ‘‘त्या दिवशी औषध होतं.’’

कौशल्याला कळलं नाही. ‘‘कोन्त्या दिवशी?’’

‘‘तुमी शिवमले घेऊन आले त्या दिवशी. फ्रिजमधी सहा होते. मी माया भावासाठी लपवून ठेवले होते. त्याले काई झालं नव्हतं. त्याच्या साक्षगंधाले पाय सुजू नये म्हनून ठेवले होते. शिवमले तेवढे पुरले असते.’’

शिवमच्या हातातली तार थांबली. तो दीपमालेकडे नाही, आईकडे बघत होता.

‘‘आन् संध्याकाळी भाऊ म्हने देऊन देऊ,’’ दीपमाला पुढे म्हणाली, कारण अर्धं सांगून थांबायचं नाही असं ती बसमध्ये स्वतःला बजावत आली होती. ‘‘तं मी त्याले बी खोटं सांगतलं.’’

 कौशल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती रडेल, शिव्या देईल, निघ म्हणेल, यातलं काहीही दीपमालेला चाललं असतं. तिनं त्याचीच तयारी केली होती.

‘‘आनखी कोनाले सांगतलं?’’ कौशल्यानं विचारलं.

‘‘नाही. उद्या मॅडमले सांगतो.’’

‘‘नोका सांगू.’’ कौशल्याचा आवाज एकदम खाली आला. ‘‘तुमाले काढून टाकतीन. मंग तठी आमाले कोन वळखते? नवीन बाई येईन, तिले याची नस भेटन का? पंधरा दिवसाले यावं लागते आमाले, जन्मभर. तुमच्यासंगं भांडून मी काय करू, सांगा.’’

‘‘भांडा ना,’’ दीपमाला म्हणाली. ‘‘तुमाले हक्क हाये.’’

‘‘हक्क!’’ कौशल्या म्हणाली. ती आत गेली आणि चहा ठेवल्याचा आवाज आला.

दीपमालेला तेव्हा कळलं, की आपण इथे आलो ते स्वतःचं ओझं उतरवायला, आणि ते या बाईच्या डोक्यावर ठेवलं. हिला आता राग गिळून आपल्याशी नीट बोलावं लागणार, दर पंधरा दिवसांनी. मान खाली घालून ती तारेचे तुकडे बघत बसली.

शिवम पहिल्यांदा बोलला. ‘‘सहा होते?’’

‘‘हो.’’

‘‘मी तठी पलंगावर होतो तवा?’’

‘‘हो.’’

त्यानं मान हलवली आणि पंखा पुढ्यात ओढून पुन्हा तार गुंडाळायला लागला. फेरे मोजत होता. मधेच चुकला, पुन्हा पहिल्यापासून उलगडले.

चहा आला. कौशल्यानं कप हातात दिला नाही, सतरंजीवर ठेवला. दीपमालेनं तो घेतला. न घेणं त्याहून वाईट दिसलं असतं. निघताना कौशल्यानं आतून ती शाल आणून दिली, धुतलेली, चारपदरी घडी घातलेली. ‘‘घ्या मॅडम,’’ ती म्हणाली. सहा वर्षांत तिनं कधी दीपमालेला मॅडम म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दीपमालेनं रागिणी मॅडमना सगळं सांगितलंच. कौशल्याचं ऐकून गप्प बसली असती, तर पुन्हा तिच्याच आडोशाला लपल्यासारखं झालं असतं. मॅडमनी दार लावून घेतलं. रजिस्टर मागवलं, ते पान बघितलं, खूप वेळ बघितलं.

‘‘मी त्या दिवशी तुला तोंडावर विचारलं होतं,’’ त्या म्हणाल्या.

‘‘हो मॅडम.’’

‘‘लेखी दे.’’

तिनं लेखी दिलं. चौकशी झाली. तीन महिने चालली. कागदावर औषध एका खऱ्या पेशंटच्या नावानं निघालेलं होतं आणि चार परत आले होते, त्यामुळे शिक्षा काय द्यावी हे चौकशी करणाऱ्यांनाही नीट कळेना. शेवटी एक पगारवाढ थांबली, सेवापुस्तकात नोंद झाली. स्टॉकची चावी आणि रजिस्टर दुसऱ्या सिस्टरकडे गेलं. आता घरी न्यायचं औषध दोघींच्या सहीशिवाय निघत नाही. दीपमालेनं बदली मागितली होती. मॅडम म्हणाल्या, ‘‘सुई लावायला मला तूच पाहिजेस. राग आहे म्हणून पेशंटांचे हाल नाही करणार मी.’’ त्या अजून तिच्याशी कामापुरतंच बोलतात.

दवाखान्यात सगळ्यांना कळलं, ग्रुपवरही कळलं. काही पेशंट खोलीत आले की तिच्याशी न बोलता हात पुढे करतात. संघपाल आता स्वतःच स्वतःला इंजेक्शन घेतो. तिनंच शिकवलं, एका रविवारी, दोन तास लागले. लग्न झालं मे महिन्यात. त्या आधी तो धामणगावला गेला, प्रतीक्षाच्या मामा-काकांना एकत्र बसवून आपल्या आजाराचं नाव सांगून आला. एक काका लग्नाला आले नाहीत.

शिवमचा पाय थोडा सुधारला आहे. कुबडी सुटली, काठी आहे. जिना चढताना गुडघा हातानं धरावा लागतो. पंधरा दिवसांनी तो येतो, बाही वर करतो आणि दीपमाला एका टोचण्यात शीर शोधते. तो भिंतीकडे बघतो. एकदा तिनं विचारलं, ‘‘दुकानात जातो का आता?’’ तो म्हणाला, ‘‘अर्धा दिवस.’’ एवढंच.

येण्याआधी सकाळी कौशल्याचा फोन येतो. दर्यापूरच्या स्टँडवरून, मागे बसचा आवाज.

‘‘मॅडम, फॅक्टर हाये का?’’

‘‘हाये.’’

‘‘पक्कं?’’

‘‘पक्कं, कौशल्याबाई.’’

 मग कौशल्या म्हणते, ‘‘त्या दुसऱ्या सिस्टरले द्या जरा फोन.’’ आणि दीपमाला फोन देते.